भाऊबिजेचा डेस्कटॉप

१७ ऑक्टो., शुक्र. सातारा

कॉलेजच्या लॅबला आजपासून सुट्टी. सगळी मशीन झाकली, मेन स्विच बंद, किल्ली ऑफिसात.

यंदा अक्काला ओवाळणीत साडी घालायची नाही. गेल्या तीन साड्या घडी न मोडता कपाटात पडून आहेत. पक्षाघात झाल्यापासून ती गाउनवरच असते. तिच्या कॉम्प्युटरवर मी चार वर्षांपूर्वी बसवलेला डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचं सगळं रूप, अजून तोच. करडा, चौकोनी, पतपेढीच्या काउंटरसारखा. नवा आलाय तो मी लॅबमध्ये माझ्या मशीनवर दोन महिने वापरतोय. देखणा आहे. सावल्या, गोलाई, खिडक्या कशा अलगद सरकतात. तोच घालायचा ओवाळणीत.

बायकोला, मृणालला सांगितलं. ती चकलीचा सोऱ्या धूत होती. म्हणाली, "तिनं मागितलाय का?"

म्हटलं, भेट कुणी मागून घेतं का. उत्तर चांगलं जमलं असं वाटलं.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा

पेनड्राइव्ह तयार. अक्काच्या मशीनवर लिनक्सची स्टेबल आवृत्ती आहे. स्टेबल म्हणजे जुनं, पण जागच्या जागी. पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जूनमध्ये मी फळ्यावर लिहून देतो की स्टेबलमध्ये बाहेरचं पॅकेज मिसळायचं नाही. घ्यायचं तर सगळंच नवं घ्या, नाहीतर काहीच नको.

उद्या मी फक्त डेस्कटॉप नव्या आवृत्तीच्या भांडारातून घेणार आहे. बाकी सगळं जुनंच ठेवणार. मुलांना नाही जमत, मला जमेल. हे लिहिताना जरा थांबलो. तरी लिहिलं.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज. सांगली

सकाळी सहाची एस.टी. कराडपर्यंत उभा.

अक्का खिडकीजवळ खुर्चीत, पुढ्यात कीबोर्ड. मी चपला काढतोय तोवर आवाज आला, "ये श्री. गाडीत थंडी होती का?" आवाज मशीनचा. नाकातला, सपाट, पुरुषी. दाजी त्याला कारकून म्हणतात. अक्काची जीभ चार वर्षांपूर्वी गेली, उजवा हातही गेला. शब्द सगळे शाबूत. ती डाव्या हातानं टाइप करते, एंटर दाबते आणि कारकून वाचून दाखवतो. स्पेस दाबून धरली की कीबोर्डची उजवी बाजू आरशात पाहिल्यासारखी डावीकडे येते. ही मांडणी मी केली होती. तीन आठवड्यांत तिच्या बोटांत बसली. वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेली बाई. मराठी तीस, मराठी चाळीस, किती मुली बाहेर काढल्या. मीही दहावीच्या सुट्टीत तिच्याकडेच शिकलो. कळांकडे पाहिलं की बोटांवर पेन्सिल बसायची. "बोटांकडे बघायचं नाही. त्यांना त्यांचं काम कळतं."

ओवाळलं. ताटाची एक बाजू तिच्या हातात, दुसरी दाजींच्या. मी विड्याच्या पानावर पेनड्राइव्ह ठेवला. दाजींनी तो उचलून उलटासुलटा पाहिला.

"पावणं, ह्येचा काठ-पदर कुटं हाय?"

सगळे हसलो. अक्काही, तोंडाच्या एका बाजूनं. मी तिला नवा डेस्कटॉप कसा असेल ते सांगितलं. तिनं डावी करंगळी हलवली आणि कारकून म्हणाला, "छान झालंय, श्री. आता जेवून घे." अजून काही झालंही नव्हतं. बरं वाटलं. ताटाचा फोटो काढून पोस्ट केला.

श्रीखंड-पुरी झाल्यावर कामाला बसलो. यादी आली. काय येणार ते वर, काय जाणार ते खाली. जाणाऱ्यांची यादी लांब होती. मी ती सरकवली. हो म्हटलं.

रीस्टार्ट. सुंदर पडदा आला. मधोमध अक्षरं, "स्वागत आहे! चला, ओळख करून घेऊ." खाली "पुढे"चं बटण.

अक्कानं हात ठेवला. स्पेस दाबून धरली. पडद्यावर फक्त मोकळ्या जागा उमटल्या. वरच्या ओळीतली एक कळ दाबली, मग दुसरी. कारकून गप्प. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, दोन मिनिटं.

दिवेलागणीपर्यंत ती दोन मिनिटं चालली होती. इथेच राहतोय.

२४ ऑक्टो., शुक्र. सांगली

कारण कळलं. नव्या पद्धतीत एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत अक्षरं टाकायला बंदी आहे. सुरक्षिततेसाठी. अक्काची मांडणी, तिच्या कळा, कारकुनाला हाक मारणं, सगळं माझ्या हातचं आणि नेमकं त्या वाटेनं जाणारं. शिवाय आवाजाचा प्रोग्राम कालच्या यादीत होता. जाणाऱ्यांच्या. मीच हो म्हटलं होतं.

परत फिरता येत नाही. नव्या डेस्कटॉपनं खालची लायब्ररी, सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती, तीही नवी ओढून आणली. ती काढायला गेलं की निम्मी प्रणाली सोबत निघते. अक्कानं लिहिलेल्या फायलींचा बॅकअप मी घेतला होता. प्रणालीचा नाही. का? कारण बिघडणार नव्हतं.

गोलाईकडे पाहवत नाही आता. खिडकी बंद केली की ती आक्रसत, विरघळत जाते, अर्धा सेकंद. कुणीतरी पगार घेऊन हे विरघळणं लिहिलंय, कुणीतरी तपासलंय. त्या अर्ध्या सेकंदाची किळस येते. माणूस लाडात येऊन बोलायला लागला की येते तशी.

दाजी सकाळपासून येऊन पडदा पाहून जात होते. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, मूळ आटपाडीकडचा. दुपारी चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "चालत हुतं न्हवं?"

म्हटलं, हो.

"मग हात कशापायी लावला?"

आवाज चढवला नाही. खरंच विचारत होते.

अक्काला माझा मोबाइल दिला. त्यात मराठी वाचणारं ॲप आहे. तिनं काचेवर बोट टेकवलं आणि उचललं. काचेवर कळ लागत नाही बोटाला. पाहिल्याशिवाय टाइप होत नाही, आणि पाहून टाइप करणं तिनं आयुष्यात केलेलं नाही. मोबाइल माझ्याकडे सरकवला.

दाजींनी कोपऱ्यावरून पाटी-पेन्सिल आणली. डाव्या हातानं ती लिहिते, पण हात कापतो. ल कुठला आणि त कुठला कळत नाही.

मशीन साताऱ्याला घेऊन जातोय. इथे माझ्याकडे काहीच साधन नाही.

२५ ऑक्टो., शनि. सातारा

काल एस.टी.त सीपीयू मांडीवर, चादरीत गुंडाळून. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "टीव्ही हाय काय रं?"

व्हय म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

घरी आल्यावर मोबाइल उघडला. भाऊबिजेच्या पोस्टवर अजून अंगठे येतायत. ताटात पेनड्राइव्ह, शेजारी निरांजन. खाली मी लिहिलेलं, "बहिणीला यंदा नव्या युगाची ओवाळणी." एका सहकाऱ्यानं प्रेरणादायी म्हटलंय. नव्या युगाची ओवाळणी. हे मी लिहिलं. पेनड्राइव्ह लावायच्याही आधी लिहिलं. काढून टाकलं, पण पाहायचं त्यांनी पाहिलंय.

मृणालनं सगळं ऐकून घेतलं. फक्त म्हणाली, "साडी कपाटात तरी राहिली असती." मग मशीनला जागा करून द्यायला जेवणाच्या टेबलावरचे फराळाचे डबे हलवले.

२७ ऑक्टो., सोम.

डेस्कटॉप करणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर शनिवारी प्रश्न टाकला होता. सभ्य भाषेत, सगळे तपशील देऊन. तीन उत्तरं.

पहिल्याचं म्हणणं, हा दोष नाही, असंच अभिप्रेत आहे. दुसऱ्याचं, माझ्याकडे व्यवस्थित चालतं. तिसऱ्यानं विचारलंय की मुळात एका हातानं टाइप करायला कुणी अशी विचित्र मांडणी का करेल, आणि स्टेबलमध्ये बाहेरचं मिसळू नये हे मला माहीत नव्हतं का.

संताप आला. लिहायला बसलो की माझी बहीण... मग खोडलं. बहिणीचं आजारपण पुढे करून वाद जिंकायचा, तेवढंच राहिलं होतं.

आणि तिसऱ्याचं वाक्य ओळखीचं आहे. वर्षातून चार वेळा तरी हे मी कुठल्यातरी मुलाला म्हणतो. त्याच सुरात. समोरचा मान खाली घालतो आणि मला वाटतं, शिकला.

२९ ऑक्टो., बुध.

दाजींचा फोन. काल सकाळी अक्का काहीतरी सांगत होती. सांगत होती म्हणजे हात हलवत होती, घशातून आवाज काढत होती. त्यांनी पाणी दिलं. पंखा कमी केला, बंद केला. उशी बदलली. देवाजवळचा दिवा लागलाय का पाहिलं. पाटी दिली, तर तिनं दोन अक्षरं काढली, ती वाचता येईनात. मग तिनं पाटी ढकलून दिली. दोन तास गेले.

शेवटी दाजी चहाला म्हणून आत गेले तर ओट्यावर दूध उघडं, मांजराचं तोंड पातेल्यात. अक्काच्या खुर्चीतून स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. ती सांगत होती की दुधावर झाकण ठेवा.

"लय हसलो बगा," दाजी म्हणाले. मग म्हणाले, "ती न्हाई हसली."

१ नोव्हें., शनि.

चार वर्षांत पहिल्यांदाच सलग दोन शनिवार सांगलीला न गेलेले.

नव्या डेस्कटॉपलाच वाकवायचा प्रयत्न चालू आहे. आठवडा गेला. मांडणी खालच्या थरात नेऊन बसवली. निम्मी चालते. एका कळेतून पूर्ण वाक्य निघत नाही. आवाजाचा प्रोग्राम नवा घातला, तर तो मराठी वाचतो हिंदीच्या थाटात. बाईचा आवाज आहे, गोड. ळ म्हणताच येत नाही तिला. तुपात बुडवून काढल्यासारखे शब्द.

दुपारी फोनवरून अक्काला ऐकवला. फोन दाजींनी तिच्या कानाला लावला होता. मग त्यांचाच आवाज आला, "ही कोण बाई वो? स्टेशनात गाडी लेट हाय म्हनून सांगती तसली?"

विचारलं, अक्का काय म्हणते. म्हणाले, "हातानं न्हाई न्हाई करतीया. त्यो कारकूनच पायजे म्हनती."

तिनं म्हटलं नाही काही. पण ऐकलं त्यांनी. दहा दिवसांत ते शिकलेत. मी इथे ळ दुरुस्त करत बसलोय.

ठरवलं. सगळं पुसायचं. जुनी स्टेबल, जुना करडा डेस्कटॉप.

३ नोव्हें., सोम.

पुसायच्या आधी लिहून ठेवतो, नंतर मी याला वेगळा रंग देईन.

तिची गरज होती म्हणून केलं? नाही. जुनं बंद पडत होतं? नाही. काही धोका होता? नाही. मला कंटाळा आला होता. तिच्या पडद्याचा मला कंटाळा आला होता. दर शनिवारी जातो, दाजी भाजी आणायला जातात, अक्का टाइप करते, आणि तासाभरानं मला बोलायला काही उरत नाही. मग मी म्हणतो, बघू गं जरा मशीन. हात लावायला काहीतरी लागतं. आधी अक्षरं मोठी केली. मग रंग बदलला. मग चिन्हं. आजारी माणसाजवळ नुसतं बसता येत नाही म्हणून तिची खोली झाडत सुटणाऱ्या बायकांना मी हसतो.

हे लिहून हलकं वाटतंय. त्याचीही चीड येते. लिहिलं की फिटलं असं होत नाही.

५ नोव्हें., बुध.

जुनी प्रणाली बसली. चौकोनी, करडी. बघून डोळे निवले. मांडणी जुन्या वहीतून आणि आठवणीतून पुन्हा लिहिली. मी स्वतः उजवा हात पाठीमागे धरून टाइप करून पाहिलं. एक ओळ लिहायला घाम फुटला. ती दिवसभर बोलते असं.

कारकून परत आला. पहिलं वाक्य मी त्याला माझं नावच बोलायला लावलं. ते नाकातलं "श्री". मृणाल आतून म्हणाली, "आला का बाबा एकदाचा."

आता राहिल्या वरच्या ओळीतल्या कळा. एक कळ, एक अख्खं वाक्य. रोजची वाक्यं पुन्हा पुन्हा टाइप करायला लागू नयेत म्हणून पहिल्या वर्षी करून दिल्या होत्या. त्यात वाक्यं भरायची कशी ते अक्काला शिकवलं आणि शब्द दिला की ती फाइल मी कधी उघडणार नाही. घरातल्या माणसाच्या तोंडात आपण हात घालू नये. बॅकअपमध्ये ती फाइल आहे, पण तिच्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय कळा तपासता येत नाहीत.

दाजींना फोन केला. उघडू का? ते म्हणाले, "उगडा की. त्यात काय सोनं हाय?"

उघडली.

पहिली कळ, पाणी. दुसरी, पंखा कमी करा. तिसरी, कूस बदला. चौथी, अहो, टीव्हीचा आवाज. पाचवी, मला ऐकू येतं, ओरडू नका. सहावी, कोण आलंय?

सातवी, "मला विचारा. यांना नको."

हे पाहुण्यांसाठी असणार. लोक येतात आणि तिच्यासमोर दाजींना विचारतात, आता कशी आहे तब्येत? मीही विचारतो. आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, तिची फाइल उघडायला मी परवानगी कुणाची घेतली?

आठवी, डाव्या टोकाची, करंगळीखालची, "छान झालंय, श्री. आता जेवून घे."

५ नोव्हें., नंतर

कपाटातून जुन्या रोजनिश्या काढल्या. सांगलीचे शनिवार शोधले. अक्षरं मोठी केली तो दिवस. "अक्का म्हणाली, छान झालंय, श्री. आता जेवून घे." रंग बदलला तो दिवस. तेच. चिन्हं बदलली. तेच. नवा स्पीकर, तेच. कारकुनाचा वेग कमी केला, तेच. शब्दाला शब्द. एके ठिकाणी मी पुढे लिहिलंय, "किती मोजकं बोलते, पण मनापासून."

चार वर्षं मी ते वाक्य लिहून घेत आलो आणि एकदाही लक्षात आलं नाही की ते एकच आहे.

भाऊबिजेला डावी करंगळी हलली होती. एकदाच.

६ नोव्हें., गुरु.

दिवसभर चिडचिड. तिच्यावर राग नाही. मग कशावर? तिनं मला फसवलं नाही. छान झालंय असं तिला वाटत नसेल, किंवा असेलही, पण त्या वाक्याचं काम वेगळंच होतं. मूल चित्र काढून दाखवायला आणतं तेव्हा हातातलं काम न सोडता आपण म्हणतो ना. तसं. माझं वय शेहेचाळीस.

मृणालला वाचून दाखवलं. ती हसली. बराच वेळ हसली, पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तुला काय हवं होतं, दर शनिवारी नवं वाक्य? एका हातानं?"

नाही. तसं नाही.

की तसंच?

प्रश्न आहे आठव्या कळेचा. परत घालायची की नाही? नाही घातली तर मी तिचं एक वाक्य खाल्लं. तिनं रचलेलं, तिच्या कामाचं. घातली तर पुढच्या शनिवारी ती दाबेल आणि मी ऐकेन. दोन्ही वेळा मी मध्ये येतोच.

घातली. आठही, होत्या तशा. स्वल्पविरामासकट.

७ नोव्हें., शुक्र.

मृणालनं भाजणीची चकली डब्यात भरून दिली. अक्काला चावत नाही. म्हणाली, दाजींना दे, दूध राखल्याबद्दल.

सकाळपासून एकच विचार. फाइल वाचली हे सांगायचं का? न सांगता चालेल. तिला कळणार नाही. म्हणजे सांगायलाच हवं.

८ नोव्हें., शनि. सांगली

सीपीयू पुन्हा मांडीवर. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

साडेदहाला पोचलो. अक्का माझ्याकडे न पाहता चादरीकडे पाहत होती. तारा लावल्या, सुरू केलं. करडा पडदा आला तसे तिचे खांदे खाली आले. हात कीबोर्डवर ठेवला, बोटं आपापल्या कळांवर. स्पेस दाबून धरली. टकटक. एंटर.

"दूध झाका," कारकून म्हणाला.

दाजी आत गेले. झाकण वाजल्याचा आवाज आला, मुद्दाम मोठ्यानं. बाहेर येऊन म्हणाले, "झाकलं, सायेब. आला का ड्युटीवर?" आणि स्पीकरवर दोनदा थोपटलं. मग चकलीचा डबा घेऊन गॅलरीत गेले.

तासाभरानं मी सांगितलं. खुर्ची तिच्या समोर घेतली, मशीनच्या बाजूला नाही. म्हटलं, अक्का, तुझी वाक्यांची फाइल मी उघडली. दाजींना विचारून उघडली, तुला नाही विचारलं. आठही वाचली.

ती पाहत राहिली. सातव्या कळेवर बोट ठेवलं. दाबलं.

"मला विचारा. यांना नको."

हो म्हटलं. म्हणून आता विचारतोय. सगळं एका दमात बोललो. हे जुनं आहे ते आणखी काही वर्षं चालेल. मग याला दुरुस्त्या मिळणं बंद होईल आणि कधीतरी नव्याकडे जावंच लागेल. तेव्हा कारकून सोबत येईलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते कधी करायचं, करायचं की नाही, कुणाकडून करून घ्यायचं, ते तू सांग. आणि दुसरं. मी शनिवारी येतो तेव्हा मशीनला हात लावत जाऊ का? नाही लावला तर मी इथे काय करत बसतो ते मला माहीत नाही. तेही तू सांग.

तिचा हात वरच्या ओळीकडे गेला. करंगळी आठव्या कळेवर टेकली. मी ऐकायच्या तयारीत बसलो. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं होतं. ते ऐकलं की उठून जेवायला जाता आलं असतं.

करंगळी उठली. हात खाली आला, मधल्या ओळीत बसला. तिनं टाइप करायला सुरुवात केली.

मी पडद्याकडे वळणार होतो. तिनं जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. एवढा आवाज तिला काढता येतो. क्लासमध्ये पेन्सिल बसायच्या आधी तोच यायचा. मी खुर्ची खिडकीकडे फिरवली. बोटांकडे बघायचं नाही.

पिशवीतून ही वही काढून लिहितोय. मागे कळा वाजतायत. स्पेस दाबून धरल्याचा थांबा, मग दोन-तीन टकटक, मग पुन्हा थांबा. मध्येच एक कळ बराच वेळ वाजत राहिली. ती खोडण्याची आहे, आवाज वेगळा आहे तिचा. बरंच खोडलं. पुन्हा सुरू.

दाजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "पावणं, अडीचची गाडी चुकंल."

अक्कानं टाइप करणं थांबवलं नाही. मी हातानं बसा म्हटलं. दाजी उंबऱ्यावर बसले, चकली मोडली, आणि आवाज नको म्हणून ती गालात धरून ठेवली.

एंटर अजून दाबलेलं नाही.